मामाची एकदांडी

गोव्यात पायलट म्हणजे कोण हे बाहेरच्या माणसाला आधी समजावून सांगावं लागतं. पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल, मागच्या सीटवर गिऱ्हाईक, आणि तिंट्यावरच्या, म्हणजे गावच्या बाजारातल्या, पिंपळाखाली त्यांचा स्टँड. आमच्या पेडण्याच्या गावात असे चार पायलट होते आणि पाचवा आमचा मामा, ज्याच्याकडे मोटरसायकल नव्हती, पण विमान होतं. लोक चेष्टेने त्यालाही पायलट म्हणायचे आणि खऱ्या पायलटांना त्याचा राग यायचा, कारण त्यांच्याकडे बिल्ला होता आणि ह्याच्याकडे काहीच नव्हतं.

मामा तारवटी. म्हणजे बोटीवर कामाला. नऊ महिने समुद्रावर, तीन महिने घरी, इंजिन रूममध्ये तेल-ग्रीसचं काम. तारवटी घरी आला की ट्रंकेतून काय निघणार ते ठरलेलं असायचं, सेंटच्या बाटल्या, साबणाच्या वड्या, चॉकलेटं, एखादा टू-इन-वन. आमच्या मामाने एका वर्षी ह्या सगळ्याला फाटा देऊन अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरातून एक पेटी आणली, घोंगडीत गुंडाळलेली. मामी अजून म्हणते की तिला वाटलं शिलाई मशीन आहे. आत होता मॉडेल विमान जमिनीवरून उडवायचा, क्राफ्ट कंपनीचा सेकंडहॅण्ड रेडिओ सेट, ट्रान्समीटर, रिसीव्हर, चार सर्वो म्हणजे विमानाचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी, आणि एक लांब टेलिस्कोपिक एरियल ज्याला लाल आणि पांढऱ्या रिबिनी बांधलेल्या. मला तेव्हा वाटलं ह्या शोभेच्या आहेत, जत्रेतल्या भिरभिऱ्याला असतात तशा.

शोभेच्या नव्हत्या. त्या काळी अमेरिकेत मॉडेल विमानांसाठी ७२ मेगाहर्ट्झच्या आसपास मोजक्या फ्रिक्वेन्सी ठरवून दिलेल्या होत्या आणि प्रत्येकीच्या रिबिनींचे रंग ठरलेले, लाल-पांढरी म्हणजे ७२.२४. मैदानावर दोघांच्या रिबिनी सारख्या दिसल्या तर एकाने सेट बंद ठेवायचा, नाहीतर एकाचं बटण दुसऱ्याच्या विमानाला खाली आणणार. आमच्या अख्ख्या तालुक्यात दुसरा सेट नव्हता. तरीही मामा दर वेळी एरियल ओढून त्या रिबिनी नीट सोडवायचा, सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या पठारावर, चारी बाजूला नजर फिरवायचा, आणि मगच स्विच ऑन करायचा. चरणाऱ्या गायींच्या शेपट्यांना काही रिबिनी नव्हत्या.

आता मुद्द्याचं. आज कोणी रिमोट म्हटलं की डोळ्यापुढे येतो दोन दांड्यांचा, दोन अंगठ्यांनी चालवायचा, व्हिडिओ गेमसारखा. मामाच्या सेटला दांडी एकच होती. ट्रान्समीटरच्या पेटीच्या मधोमध, आणि दांडीच्या टोकाला एक फिरणारा नॉब. दांडी डावी-उजवीकडे केली की पंखांवरचे एलेरॉन, पुढे-मागे केली की शेपटीवरचा एलेव्हेटर, आणि नॉब बाटलीचं बूच फिरवावं तसा फिरवला की रडर. म्हणजे विमानाचं डोलणं, नाक वर-खाली होणं आणि नाक डावी-उजवीकडे वळणं, तिन्ही एकाच हाताच्या तीन बोटांत. उरलं इंजिन, त्याचा छोटा लिव्हर पेटीच्या कडेला, डाव्या हाताच्या बोटांपाशी. आणि ही पेटी हातात धरायची नसते, ती डाव्या कोपरात घ्यायची, तळहात बाहेरून वळून लिव्हरवर येतो. पहिल्यांदा माझ्याकडे दिली तेव्हा मी ती बिस्किटाच्या डब्यासारखी पुढे धरली आणि मामा ओरडला, "भुरग्याक घेतात तशें घे!" पोराला कडेवर घेतात तशी. तशीच घ्यायची असते खरी.

ह्या प्रकारात आत काय चालतं ते सांगतो, कारण मला ते कळायला पंचवीस वर्षं लागली आणि कळल्यावर फार सोपं निघालं. दांडीच्या प्रत्येक हालचालीला खाली एक पॉट जोडलेला, रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतो तोच. दांडी किती कलली त्याप्रमाणे ट्रान्समीटर एक छोटा पल्स पाठवतो, एक ते दोन मिलिसेकंदांच्या मधला. दीड म्हणजे मध्य. एकामागून एक सगळ्या चॅनलचे, म्हणजे एकेका हालचालीचे, पल्स जातात, मग थोडी गॅप, मग पुन्हा पहिल्यापासून, सेकंदाला साधारण पन्नास वेळा. विमानातला सर्वो आपल्या वाट्याचा पल्स मोजतो आणि तेवढाच फिरतो. ह्याच्या आधीच्या पिढीत असं नव्हतं, तेव्हा ट्रान्समीटरला नुसतं एक बटण असायचं, एकदा दाबलं की रडर पूर्ण उजवीकडे, दोनदा दाबलं की पूर्ण डावीकडे, आणि विमानात ते फिरवायला पिळलेला रबर बँड. म्हणजे वळायचं तर पूर्ण वळा, मधलं काही नाही. १९६०च्या दशकात हे "जेवढं कराल तेवढंच होईल" वालं तंत्र आलं आणि मॉडेल उडवणाऱ्यांची दुनिया पालटली. क्राफ्ट कंपनीचा मालक फिल क्राफ्ट स्वतः उडवणारा माणूस, १९६७ साली कॉर्सिकात झालेली रेडिओ कंट्रोल एरोबॅटिक्सची वर्ल्ड चॅम्पियनशिप त्याने जिंकली. मामाला ह्या गोष्टीचं भयंकर अप्रूप. रेडिओ बनवणारा माणूस स्वतःच जगात पहिला येतो म्हणजे काय, तो म्हणायचा, आमच्या बोटीच्या इंजिनवाल्याने कधी बोट बघितली तरी होती का.

विमान मात्र अस्सल पेडण्याचं. बाल्सा लाकूड मुंबईहून आणलेलं, ते पंखांपुरतंच पुरलं, शेपटी मामाने पांगाऱ्याची केली आणि ती जड झाली, म्हणून नाकात शिसं भरलं. पंखांवर रेशीम ताणून त्यावर डोप, म्हणजे कापड ताठ करणारं वार्निश, मारायचं असतं, तर आजीचं एक जुनं जांभळं रेशमी लुगडं कापलं, काठासकट. वजन वाढलंच. पण उजव्या पंखाच्या मागच्या कडेला तो जरीचा काठ आला होता आणि सकाळच्या उन्हात विमान वळलं की एक पिवळी रेघ चमकायची, तेवढ्यावरून खालून कळायचं की विमान येतंय का जातंय. सहा-साडेसहा सीसीचं ग्लो इंजिन, त्याला मिथेनॉलमध्ये एरंडेल मिसळून द्यायचं, ऐंशी-वीस. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या घरी एक रविवार पोट साफ करण्याचा असायचा, त्यामुळे एरंडेलाच्या वासाने बाकीच्या भावंडांच्या पोटात गोळा यायचा आणि मी एकटा तो वास नाक भरून घ्यायचो. अजूनही कुठे जळक्या एरंडेलाचा वास आला तर मान वर जाते.

उडवायची जागा म्हणजे गावावरचा सडा. काळाकुट्ट जांभा, पावसाळ्यात त्यावर फुलं आणि पाणी, पण चतुर्थी होऊन दसरा आला की सुकून कडक. सकाळी सात ते नऊ, बस्स. त्यानंतर समुद्रावरून वारा चढतो आणि सड्याच्या कडेला आपटून वर उसळतो, मग मामा बोट ओलं करून हवेत धरायचा आणि म्हणायचा, "आयज ना, वारो पिसो जाला." आणि आम्ही सगळं सामान परत घोंगडीत. किती सकाळी अशा फुकट गेल्या त्याचा हिशोब नाही. शाळेला दांडी मारून दांडी धरायला जायचं आणि तीही धरायला मिळायची नाही.

एकदांडीचा एक तोटा असा की एक हात पेटीला आणि एक हात दांडीला, विमान फेकायला तिसरा हात नाही. सड्यावर खड्डे एवढे की चाकांवरून उडणं कठीण, म्हणून विमान फेकणारा लागायचा, आणि तो मी. डोक्यावर धरून दहा पावलं धावायचं, नाक जरासं खाली, आणि सोडायचं. ढकलायचं नाही. मी तीन सीझन नुसता फेकणारा होतो. चौथ्या वर्षी मामाने पेटी माझ्या कडेवर दिली आणि स्वतः मागे उभा राहिला.

आणि तिथे मला ह्या दांडीचा स्वभाव कळला. नॉब तीन बोटांत धरलेला असतो, रांगोळीची चिमूट धरतो तसा. माणूस घाबरला की चिमूट आवळते, मनगट पिळलं जातं, आणि नॉब फिरतो. नॉब फिरला की रडर. म्हणजे तुम्ही वरून कितीही शांत दिसा, सत्तर मीटर वर विमानाची शेपटी डावी-उजवी हलायला लागते, कुत्र्याने हलवावी तशी. मामा विमानाकडेच बघत असायचा, माझ्याकडे नाही, आणि मागून आवाज यायचा, "पळय, शेंपडी हालता. भियेलो मरे तूं!" मी नाही म्हणायचो. शेपटी हो म्हणायची. दोन दांड्यांच्या सेटमध्ये हे होत नाही, तिथे रडर डाव्या अंगठ्याला, आणि घाबरलेल्या माणसाचा डावा अंगठा नुसता गोठून बसतो. खरं सांगायचं तर बहुतेक लोकांचा डावा अंगठा घाबरलेला नसतानाही गोठलेलाच असतो, रडर म्हणजे जमिनीवर चाक वळवायची वस्तू असं समजून वर्षानुवर्षं उडवणारे मी बघितलेत. एकदांडीवाल्याला ती चैन नाही. रडर त्याच्या बोटांतच आहे, नको म्हटलं तरी.

दुसरी गोष्ट जी मला मामाने शिकवली आणि जी मी आजवर चार पोरांना शिकवली. विमान तुमच्याकडे तोंड करून येत असतं तेव्हा डावं-उजवं उलटं होतं. नवशिक्या इथेच विमान घालवतो, डोक्यात हिशोब करेपर्यंत खेळ आटोपलेला असतो. मामा म्हणाला हिशोब करूच नको. जो पंख खाली पडतोय त्याच्या बाजूला दांडी ने, केळीला टेकू देतात तसा त्याला खालून टेकू दे. घड आला की केळ एका बाजूला कलते, त्या बाजूनेच बांबू लावतो ना आपण? बस्स, तेच. भाटात, म्हणजे माडा-केळींच्या बागेत, वाढलेल्या पोराला ह्यापेक्षा सोपं काही सांगता येणार नाही.

जांभळं विमान शेवटी माडावर गेलं. मामाच्याच हातात होतं, सरळ उडत होतं, आणि अचानक ऐकेनासं झालं. दांडी कुठेही न्या, ते आपलं एका मोठ्या वळणात, सड्याची कड ओलांडून खाली भाटात. उतरवायला पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, बोलवावा लागला, तो वर चढून आधी दोन नारळ खाली टाकून मोकळा झाला, सवयीने, आणि मग पंख. शेंड्यावरून ओरडून विचारतो, पायलट आत आहे का म्हणून. कारण सापडलं ते रात्री, कंदिलाशी. रिसीव्हरची बॅटरी म्हणजे निकेल-कॅडमियमचे चार सेल, ४.८ व्होल्ट. तिच्या काळ्या, निगेटिव्ह वायरचं प्लॅस्टिक वरून धड होतं, पण सोललं तर आतलं तांबं काळंठिक्कर. ह्या जुन्या बॅटऱ्यांत हे होतं, जुना सेल झिरपायला लागला की गंज निगेटिव्ह वायरमधून पुढे सरकत जातो, आतल्या आत, बाहेरून काही दिसत नाही, आणि त्या तांब्यावर सोल्डरचा डाग देऊ म्हटलं तर शिसं धरत नाही, मण्यासारखं घरंगळून पडतं. त्यात आमची खारी, दमट हवा. मामाने इंचाइंचाने ती वायर सोलत नेली, कुठे चकचकीत तांबं लागतंय का बघत. स्विचपर्यंत गेला तरी काळंच. मग त्याने सोलणं थांबवलं आणि पेटी बंद केली. मामी म्हणाली आता पुरे. त्याच्या पुढच्या बोटीवरून तो नवी बॅटरी आणणार होता, मग गुडघा गेला, बोट सुटली, आणि पेटी कपाटावर गेली ती गेलीच.

मी मात्र पुढे पर्वरीला राहायला आलो, नोकरी, लग्न, सगळं, आणि चाळिशीला पुन्हा किडा वळवळला. आता काय, फोमचं विमान, लिथियम बॅटरी, २.४ गिगाहर्ट्झ. ह्या नव्या सेटमध्ये ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकमेकांशी बांधलेले असतात, शंभर जण एका मैदानात असले तरी कोणी कोणाच्या विमानात जात नाही. रिबिनी गेल्या. चारी बाजूला बघणं गेलं. कॉम्प्युटरवर सिम्युलेटर लावून दोन महिन्यांत दोन दांड्या शिकलो आणि मनातल्या मनात म्हटलं की मामाची ती पेटी म्हणजे हौस होती, हे खरं यंत्र. उलटं उडवणं, हेलिकॉप्टरसारखं नाकावर टांगून ठेवणं, ह्या कामांना दोन दांड्याच बऱ्या, आजही माझं तेच मत आहे.

मामा गेला २०१८ला. बाराव्याला मामीने पेटी आणून माझ्यापुढे ठेवली, घोंगडी तीच. उघडली तर दोन गोष्टी दिसल्या. एक, नॉबच्या कडेला ज्या खाचा असतात पकड यायला, त्या तीन जागी गुळगुळीत झालेल्या, अंगठा, तर्जनी, मधलं बोट. माझी बोटं तिथे ठेवली तर बसत नव्हती, मामाचा हात माझ्यापेक्षा रुंद, आणि त्याची चिमूट जरा तिरकी. दुसरी गोष्ट ट्रिम. दांडीच्या बाजूला छोट्या पट्ट्या असतात, विमान स्वतःहून कुठे ओढत असेल तर तेवढा फरक कायमचा भरून काढायला. एलेरॉनची पट्टी मध्यापासून चांगली उजवीकडे सरकवलेली. म्हणजे जांभळं विमान डावीकडे ओढत असणार. फेकणारा मी, मला कधी कळलंच नव्हतं.

भाचा फर्मागुढीला इंजिनिअरिंगला आहे, त्याला पेटी दाखवली. त्याने मागचं झाकण काढून वास घेतला आणि म्हणाला, "मामा, ह्यात काहीतरी मेलंय." बॅटरी झिरपून हिरवी-पांढरी पूड झालेली, आणि काळी वायर, अर्थातच, काळी. त्याचं म्हणणं पडलं की जुना बोर्ड काढायचा, पॉट तेच ठेवायचे, ते वाचायला एक आर्डुइनो, म्हणजे प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड, आणि पुढे २.४चं मॉड्यूल. मी आठवडाभर हो-नाही करत होतो. जुन्या सेटच्या शौकिनांत ह्यावर भांडणं होतात, आतलं काढलं की उरलं काय असं एक पक्ष म्हणतो. मला विचाराल तर दांडी, नॉब आणि पॉट उरले म्हणजे सगळं उरलं. जुना बोर्ड मी बरणीत घालून ठेवलाय. पॉट खरखरत होते, ते क्लीनर मारून शंभर-शंभर वेळा फिरवले. एरियल आता नुसतं नावाला, पण रिबिनी आहेत.

राहता राहिली जागा. आमच्या सड्यावर आता जाता येत नाही, मोपाचा विमानतळ तिथून फार लांब नाही. ५ जानेवारी २०२३पासून तिथे खरी विमानं उतरतात. २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरपर्यंत परवानगीशिवाय जमिनीपासूनच काही उडवायचं नाही, आठ ते बारामध्ये दोनशे फुटांच्या वर नाही. आणि हे आमच्या मॉडेललाही लागू, तो ड्रोन नाही असं कितीही ओरडून सांगितलं तरी. दोन किलोपर्यंत हौसेखातर उडवायला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही एवढी सवलत आहे. उत्तरेला मोपा, दक्षिणेला दाबोळी, नकाशावर दोन्हीभोवती वर्तुळं काढली की गोव्यात उरतं किती ते बघा. गावातल्या लोकांना त्या विमानतळात जमिनी गेल्याचं दुःख आहे, त्यापुढे माझं हे रडगाणं काहीच नाही, म्हणून मी ते गावात काढत नाही. आम्ही आता वाळपईच्या पुढे जातो, भात कापून झालेल्या शेतात, शेतकऱ्याला विचारून.

गेल्या डिसेंबरात गेलो. नवं विमान, उंच पंखांचं, इलेक्ट्रिक, एक किलो तीनशे ग्रॅम. पेटी कडेवर घेतली. ट्रिम मी हलवली नव्हती. का ते विचारू नका, हलवायला हवी होती, विमान नवं, त्याचा त्या जुन्या ओढीशी काय संबंध, पण पट्टीवर बोट ठेवलं आणि काढलं. भाचा दहा पावलं धावला आणि त्याने सोडलं.

सोडल्याबरोबर उजवीकडे कलायला लागलं. लागणारच. मी दांडी डावीकडे धरून ठेवली आणि ते वर चढलं, पण एका हाताने सतत ढकलत राहायचं म्हणजे चिमूट आवळणं आलं, त्यात माझा डावा अंगठा पेटीवर रडर शोधतोय जो तिथे नाहीच, चाळीस वर्षं नसलेला एकदांडीचा हात आणि दहा वर्षं शिकलेला दोन दांड्यांचा हात एकमेकांत अडकलेले. बांधाच्या वर एक फेरी झाली. दुसरी झाली. भाचा माझ्या मागे येऊन उभा राहिला, वर बघत.

"मामा, टेल हलतेय."

"वारा आहे."

"वारा कुठाय?"

धुराची रेघ सरळ वर जात होती, कोणीतरी शेताच्या टोकाला पेंढा जाळत होतं. ट्रिमची पट्टी हलवायची तर दांडी सोडावी लागते, डावा हात पेटीखाली अडकलेला, उजव्यालाच जावं लागतं. विमान बऱ्यापैकी उंच घेतलं, पंख सरळ केले, दांडी सोडली, आणि अंगठ्याने पट्टी मध्यावर आणली. बसली थोडी कडक, चाळीस वर्षं तिथेच होती. वर बघितलं तर विमान सरळ चाललेलं, शेपटी एकदम गप्प.

"बघ," भाचा म्हणाला, "हात काढलास की किती छान उडतं."